नाचणाचा फोटो

रविवारी दुपारी आमच्या मोरीत कुणी पाय धुवायचे नाहीत, असा घरात नियमच होता. जेवणं आटोपून भांडी पालथी पडली की काका मोरीच्या झरोक्याला घोंगडी लावायचा, दाराच्या फटीत आईचं जुनं लुगडं कोंबायचा आणि लाल कागद गुंडाळलेला दिवा लावून आत बसायचा. शेजारी पाटावर मी. समोर जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, तीन ताटं, त्यांत तीन तऱ्हेचं पाणी. पहिल्या ताटात पांढराशुभ्र कागद सोडायचा आणि वाट बघायची. आधी करड्या धुरासारखं काहीतरी यायचं, मग फांदी, मग चोच, आणि सगळ्यात शेवटी डोळा. तो डोळा उमटला की काका हुंकार द्यायचा आणि चिमट्याने कागद उचलून दुसऱ्या ताटात टाकायचा. बाहेरून आई ओरडायची, "भावजी, त्या ताटात आता माणूस जेवतलो काय?" काका आतून म्हणायचा, "वहिनी, ती ताटं आता पाखरांची." आंबूस वास घरभर पसरलेला असायचा. संध्याकाळी कुळथाच्या पिठीलाही तो वास लागतो, असं आईचं म्हणणं होतं. मला तो कधी लागला नाही, की मला तो आवडायचाच, कुणास ठाऊक.

आम्ही बोरिवलीला पूर्वेच्या बाजूला राहायचो, रस्ता संपून डोंगराकडे जाणारी पायवाट सुरू व्हायची तिथे. कौलारू दोन खोल्या, पुढे ओटा, मागे फणसाचं झाड. दुपारी खाणीत सुरुंग उडाले की मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि फणसावरचे कावळे एकदम उठायचे. बाबा गिरणीत, पाळी संपवून यायचे ते झोपायलाच. त्यामुळे घरात बोलायला माणसं म्हणजे आई, मी आणि काका. काका बाबांचा धाकटा भाऊ. एका कचेरीत नकाशे काढायचा. लग्न केलं नव्हतं. अंगाने काटकुळा, बोलणं मोजकं. पण रविवारी पहाटे खांद्यावर पिशवी अडकवून डोंगराकडे निघाला की हाच माणूस मला सारखं काहीतरी दाखवत, सांगत राहायचा. आई घावणे आणि गूळखोबरं केळीच्या पानात बांधून द्यायची. ती पुडी पिशवीत कॅमेऱ्यापासून लांब ठेवायची, ही माझी जबाबदारी.

कॅमेरा त्याने फोर्टात कुणाकडून तरी जुना घेतला होता. त्याला साधं भिंग होतं. माणसांचे फोटो त्याने सुरेख यायचे, पण पक्षी म्हणजे कागदावरची टिकली. मोठा हवा असेल तर हातभर अंतरावर जाऊन बसायला हवं. एकदा एका बुलबुलाच्या घरट्याजवळ काका असाच जाऊन बसला. बुलबुल कडेच्या फांदीवर येऊन ओरडत राहिली, पण घरट्यात उतरेना. पाऊण तासाने काकाने कॅमेरा पिशवीत घातला. "चल कुसू, तिची अंडी गार पडतील," म्हणाला. त्यानंतर वर्षभर त्याने चहा सोडला, कोट शिवायचा होता तो शिवला नाही, आणि एक लांब भिंग घेऊन आला. मी विचारलं, "आता पक्षी जवळ दिसणार ना रे?" तर म्हणाला, "जवळ दिसेल हे झालंच. मला ते लांब बसता यावं म्हणून हवंय."

त्या भिंगाने आम्हाला पुष्कळ शिकवलं. लांब भिंगाला हाताची थरथरही मोठी दिसते, म्हणून काकाने बांबूची तीन पायांची तिकाटणी केली. कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी ठेवायची आणि भिंगाचं छिद्र किती मोठं ठेवायचं, याची सांगड त्याने मला आईवरून समजावली. आई सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करायची. "बघ, ती काय करतेय? छिद्र लहान करतेय. लहान केलं की पुढचं मागचं सगळं रेखीव दिसतं. पण मग उजेड कमी येतो. म्हणून ती दारात उन्हात जाऊन बसते." आणि सावलीत छिद्र लहान ठेवायचं तर झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, तेवढ्यात पक्षी हलतो आणि त्याचं भूत होतं. छिद्र मोठं केलं तर पक्षी सापडतो, पण चोच रेखीव आणि शेपटी धूसर. "सगळं नाही मिळत," काका म्हणायचा. "डोळा धारदार यायला हवा. बाकीचं माफ." आज माझा नातू एका दमात वीसवीस फोटो काढतो आणि त्यातला एक ठेवतो. अंधार असला तर कॅमेऱ्यातलं एक चक्र फिरवतो, की कमी उजेडही पुरतो. आमच्या वेळी फिल्म एकदा भरली की भरली. ती जेवढी मंद तेवढंच तुमचं नशीब मंद, आणि उरतं फक्त ऊन.

दर बुधवारी आमच्याकडे लखमा यायची. डोंगरातल्या पाड्यावरची वारली बाई, आईच्याच वयाची. वाळक्या लाकडांची मोळी ओट्याशी टाकायची आणि टेकून बसायची. आई चहा द्यायची, दोघींच्या गप्पा व्हायच्या. आईचं मालवणी तिला कितपत कळायचं आणि तिचं आईला कितपत, देव जाणे, पण हसायच्या खूप. तिची कपबशी वेगळी, कोनाड्यात पालथी असायची. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज हे लिहिताना हात अडतो. लखमाला काकाचं वेड ठाऊक होतं. एका बुधवारी ती म्हणाली, "तुझा तो पंख्याच्या शेपटीचा पक्षी हाय ना, त्याचं घर बघितलं मी. दाखवते चल."

तो नाचण. चिमणीएवढा, काळपट, भुवई पांढरी, आणि शेपटी पंख्यासारखी उघडून फांदीवर एकसारखा गिरक्या घेणारा. सुकलेल्या ओढ्याच्या काठी कुड्याच्या झुडपात, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर त्याचं घरटं होतं. कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली वाटी, आत तीन अंडी. वर पानांनी गच्च भरलेली एक फांदी आडवी आलेली. लखमा हळूच म्हणाली, "ती फांदी हाय म्हणून घर हाय." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. ऐकलं मात्र एकट्या काकाने.

शहरातल्या एका छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं आणि काकाला तिथे नाचण पाठवायचा होता. दोन रविवार आम्ही गोणपाटाच्या आडोशात बसलो. दोन्ही वेळा मोरीत भुतंच उमटली. त्या फांदीखाली उजेडच नव्हता. छिद्र पूर्ण उघडून, झडप जितकी हळू चालवता येईल तितकी चालवूनही नाचणाची शेपटी म्हणजे धुराचा फराटा. एरवी काका आड येणारी डहाळी सुतळीने बाजूला बांधायचा, चारदोन फोटो काढायचा आणि लगेच सोडायचा. पण ही फांदी मनगटाएवढी जाड, वाकणारी नव्हती. "राहू दे," काका म्हणाला. "पुढच्या रविवारी ऊन जरा कलतं मिळालं तर बघू." प्रदर्शनाला फोटो पाठवायचा तो शेवटचा आठवडा होता.

शनिवारी काकाला हिवताप भरला. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. मी म्हटलं, "मी जाते."

"एकटी?"

"करवंदांना जातेच की."

त्याने गोधडीतून हात काढून पिशवीकडे बोट केलं. मग म्हणाला, "जा. पण घरट्याला हात लावायचा नाही. आणि उजेड नाही मिळाला तर तशीच परत ये. कळलं?"

मी सतरा वर्षांची होते. कॅमेरा पहिल्यांदाच एकटीच्या खांद्यावर होता. ऐन वैशाख, सकाळी नऊलाच डोंगर तापलेला. मी तिकाटणी लावली, आडोशात बसले, उजेड मोजायच्या यंत्राचा काटा बघितला. तोच अंधार. अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती; नाचण येत होता, किडा भरवून जात होता, आणि प्रत्येक वेळी मला मोरीत उमटणारं ते भूत दिसत होतं. पिशवीत छोटी कोयती होती, आडोशाच्या खुंट्या तासायला काका ठेवायचा ती. मी उठले. पहिला घाव घातला तेव्हा मनात असं काही ठरवलंही नव्हतं, एवढंच आठवतं. फांदी चिवट होती, सहासात घाव लागले. ती ओढत नेऊन मी ओढ्याच्या वळणापलीकडे टाकली आणि परत येऊन बसले तर घरटं लख्ख उन्हात झळकत होतं. काट्याने भलताच उजेड दाखवला. मी छिद्र आवळलं, झडप जलद केली. काकाने कधी वापरलीही नसेल इतकी जलद.

पंधरा मिनिटांत नर आला. आणि त्या दिवशी तो किडा भरवून उडून गेला नाही. घरट्याच्या काठावर बसून त्याने दोन्ही पंख पसरले, शेपटीचा पंखा उघडला आणि तसाच राहिला. नाचायचं थांबून जणू माझ्यासाठीच उभा. खाली तीन पिल्लं चोची आ करून वर बघत होती. मी सहा फोटो काढले. घाईघाईने सामान आवरलं आणि घर गाठलं.

मंगळवारी ताप उतरल्यावर काका मोरीत येऊन बसला, कांबळं पांघरून. पहिल्या ताटात कागदावर नाचण उमटू लागला. भुवई, पंखांचं एकेक पीस, पिल्लांच्या चोचींच्या कडा, आणि डोळा, त्यात उन्हाचा ठिपका. काकाचा हुंकार आला नाही. तो कागदावर वाकला. मग म्हणाला, "ऊन कुठून आलं गं?"

"दहा वाजता कलतं आलं. पानांमधून."

"पानांमधून," तो म्हणाला. अजून अंगात कणकण होती त्याच्या. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुसू, असा फोटो मला जन्मात जमला नसता. हा तुझ्या नावाने जायचा." मी नको म्हणाले, पण फार जोर लावून नाही.

पुढच्या रविवारी काका एकटाच डोंगरात गेला. मला पोटात दुखत होतं, म्हणजे मी तसं सांगितलं होतं. दुपारी परत आला, पाय धुतले, ओट्यावर बसला. आईने विचारलं तरी जेवायला उठेना. "घरटं संपलं," मला म्हणाला. "रिकामं आहे. खाली दोन पिल्लं पडलीयत, मुंग्या लागल्यात. कुणीतरी वरची फांदीच तोडून नेली. तू गेलीस तेव्हा होती ना?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. तो रागावला असता, दोन दिवस बोलला नसता, आणि सगळं तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, "होती."

"मग कोण तोडेल?"

"लाकडं न्यायला येतात ना, त्यांनी तोडली असेल."

मी नाव घेतलं नाही. पण ते घरटं ठाऊक असलेलं माणूस आम्हा दोघांखेरीज एकच होतं. काका उठून उभा राहिला. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बुधवारी लखमा मोळी घेऊन आली तर त्याने तिला ओट्यावर बसूही दिलं नाही. "दाखवलंस कशाला, मग? तोडायला?" लखमा म्हणाली, "मी नाय तोडली." एकदाच म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्याच्या आत उभी होते, मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "भावजी, लखमा असा करूची नाय." काकाने ऐकलं नाही. कचेरीला जाता जाता तो जंगलाच्या रखवालदाराला सांगून गेला, की ओली लाकडं तोडतात, लक्ष ठेवा. रखवालदाराने दुसऱ्याच दिवशी पायवाटेवर लखमाला अडवलं, मोळी काढून घेतली, कोयता काढून घेतला आणि तिला दिवसभर चौकीच्या पायरीवर उन्हात बसवून ठेवलं. हे आम्हाला दूधवाल्याकडून कळलं. काकाचा चेहरा उतरला. इतकं व्हावं असं त्याला वाटलं नव्हतं. आणि मी? मी त्या दिवशी कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगत होते की माझा फोटो प्रदर्शनात लागणार आहे.

लागला. त्याला बक्षीसही मिळालं. काकाने इस्त्रीचा शर्ट घातला, मी आईची जांभळी साडी नेसले, आणि आम्ही शहरात गेलो. मोठ्या दालनात भिंतीवर माझा नाचण होता, खाली माझं नाव. काकानेच त्याला 'नृत्य' असं नाव दिलं होतं. लोक थबकत होते. "काय भुकेली पिल्लं आहेत बघा," एक बाई म्हणाल्या. काका पलीकडच्या भिंतीशी कुणाला तरी विचारत होता की हे कुठल्या भिंगाने काढलंय. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, चष्मा वर करून फोटोला नाक लावून उभे राहिले. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काढलात, बाई?" मी हो म्हटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या चोची भुकेने उघडलेल्या नाहीत. पिल्लं धापा टाकतायत. आणि बाप नाचत नाहीये, तो पंखांची सावली धरून उभा आहे. ह्या घरट्यावर एवढं ऊन यायला नको होतं." त्यांनी मला दोष दिला नाही. काठी टेकत ते पुढच्या फोटोकडे गेले. मी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. आता मला तो फोटो दुसऱ्या तऱ्हेने बघता येईना. इतकी वर्षं झाली, अजून येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाड्यावर गेले. लखमा अंगण सारवत होती. मला पाहून तिने हात थांबवला नाही. मी सगळं सांगितलं, रडत, तुटक तुटक. ती म्हणाली, "मला ठाव हाय. ती फांदी मी बघितली ना. सात घाव. आमचा घाव एकच असतो."

"मग तू बोलली का नाहीस?"

तिने तेव्हा हात थांबवला. "बोलले असते तर तुझ्या काकाने कुणाचं ऐकलं असतं, तुझं का माझं?" ती परत सारवायला लागली. "मला कशाला सांगतेस. त्याला सांग जा."

काका कचेरीतून आला तेव्हा मी ओट्यावरच बसून होते. सांगितलं. तो पायातल्या चपला न काढता ऐकत राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुढे कितीदा म्हटलं असेल मनाशी. तो एवढंच म्हणाला, "मी तिला काय काय बोललो, कुसू." रविवारी बाजारातून त्याने नवा कोयता आणला आणि आम्ही दोघं पाड्यावर गेलो. काकाने लखमाला हात जोडले. नकाशाच्या कचेरीतला माणूस पाड्यावरच्या बाईला हात जोडतो, हे बघायला चारसहा माणसं जमली. लखमाने आम्हाला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवून तो तिने आत नेऊन ठेवला. रागाचा एक शब्द बोलली नाही. पण आमच्या ओट्यावर ती पुन्हा कधी आली नाही. आई पुढची दोनतीन वर्षं बुधवारी चहाला आधण ठेवताना एक कप जास्तीचं पाणी घालायची आणि मग लक्षात आलं की बाहेर ओतून यायची.

बक्षिसाचं काय करायचं, असं मी काकाला विचारलं होतं. "ते तू ठरव," म्हणाला. मंडळाला पत्र लिहून ते परत करावं असं मी ठरवलं, पत्राचा मसुदाही केला, आणि तो वहीत तसाच राहिला. हेही कबूल करून टाकते.

काकाने मला डोंगरात न्यायचं सोडलं नाही. माझं लग्न होऊन मी घाटकोपरला आले, तरी सुट्टीत आम्ही दोघं भिंगं घेऊन खाडीकडे जायचो. पुढे माझ्याकडे त्याच्याहून चांगली भिंगं आली, मी त्याच्याहून चांगले फोटोही काढले असतील. फोटो काढला की मी तो आधी त्याला दाखवायचे. आणि तो कागद हातात घ्यायचा, पण बघायचा नाही. पालथा मांडीवर ठेवायचा आणि विचारायचा, "कसा काढलास?" मी सांगायचे. किती लांब बसले होते, छिद्र किती, झडप किती, ऊन कुठून होतं, पक्षी उठला का, परत आला का. त्या दिवसानंतर मी त्याला एकदाही खोटं सांगितलं नाही. सगळं ऐकून झालं की तो मान हलवायचा आणि मगच फोटो उलटा करून बघायचा. शेवटच्या आजारपणात त्याला नीट दिसतही नव्हतं. मी खाडीवरच्या लांब पायांच्या शेकाट्या पक्ष्याचा एक फोटो नेला होता. नर्सने उशी वर केली, मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो छातीवर पालथा घातला आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, "कसा काढलास?"